लावायच्या इस्ट्रोजेनचे दुष्परिणाम : कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. अक्षरे इतकी बारीक, की चष्मा असूनही भिंग घ्यावे लागते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीचा हा कागद सहसा कोणी उलगडून पाहत नाही. खोक्याबरोबर तोही कचऱ्यात जातो. योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा कागद मात्र घरोघरी वाचला जातो. आधीच विषय संकोचाचा, त्यात ‘हार्मोन’ हा शब्द ऐकून मन साशंक झालेले असते. कागदावर अनेकदा स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या अशी यादी दिसते आणि नळी टोपण न उघडताच कपाटात जाऊन पडते.

काही आठवड्यांनी एखाद्या सूनबाई दवाखान्यात येऊन सांगतात, “डॉक्टर, सासूबाईंना पुन्हा लघवीची जळजळ सुरू झाली. मागच्या वेळच्याच गोळ्या देऊ का?”

“क्रीम लावताहेत ना?”

“नाही हो. त्यांनी केव्हाच बंद केलं. कागदावर कॅन्सर लिहिलंय म्हणे.”

असा संवाद माझ्या दवाखान्यात वारंवार घडतो. वाचकहो, सासूबाईंची भीती मूर्खपणाची मुळीच नाही. छापलेला इशारा वाचून सावध होणे हे शहाणपणच आहे. प्रश्न इतकाच, की तो इशारा नेमका कोणत्या औषधासाठी, किती मात्रेसाठी आणि कोणासाठी आहे? तसेच दुसऱ्या बाजूला खरोखर दखल घ्यावी असे जे दुष्परिणाम आहेत, ते ‘वयोमानाने होतेच’ म्हणून दुर्लक्षिले जात नाहीत ना? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण पाहू.

पाळी गेल्यानंतर काय बदलते?

आपल्याकडे स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४८ या वयात कायमची थांबते. ऐंशीपर्यंत आयुष्य लाभले, तर त्यातील बत्तीस ते चौतीस वर्षे रजोनिवृत्तीनंतरची असतात. या काळात अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन जवळजवळ संपते. योनिमार्ग, बाह्य जननांग, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ हे सर्व भाग याच संप्रेरकावर पोसलेले असतात. ते मिळेनासे झाले, की तेथील त्वचा पातळ, कोरडी आणि नाजूक होते. रक्तपुरवठा घटतो.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही. इस्ट्रोजेन असताना योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील सामू ३.५ ते ४.५ इतका आम्लधर्मी राखतात. या आम्लात आतड्यातून आलेले अपायकारक जंतू तग धरत नाहीत. पाळी गेल्यावर साखर कमी, उपकारक जंतू कमी आणि सामू ५ च्या वर जातो. मग हेच अपायकारक जंतू तेथे वस्ती करतात आणि जवळच्याच मूत्रनलिकेतून मूत्राशयात शिरतात.

परिणामी कोरडेपणा, आग, खाज, बसताना टोचल्यासारखे वाटणे, शरीरसंबंधात वेदना, लघवीची घाई, रात्री वारंवार उठावे लागणे आणि वर्षातून अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग अशी लक्षणे दिसू लागतात. या सर्वांना मिळून २०१४ साली एक नाव देण्यात आले : रजोनिवृत्तीशी निगडित जननमूत्रमार्गाचा लक्षणसमूह. अंगातून वाफा येणे, दरदरून घाम सुटणे हे त्रास बहुतेकींना काही वर्षांनी कमी होतात. हा त्रास मात्र उपचारांवाचून वयाबरोबर वाढत जातो. साठीत सौम्य असलेली तक्रार पंचाहत्तरीत असह्य होऊ शकते. पण आपल्या घरांतील स्त्रिया ती अंगावर काढतात आणि नातलगांना कळते ते ताप, थंडी किंवा एकाएकी बरळणे सुरू झाल्यावर.

मात्रा किती आणि ती जाते कोठे?

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची क्रीम मिळतात. एकात इस्ट्रिऑल असते. एका ग्रॅम क्रीममध्ये १ मिलिग्रॅम. इस्ट्रिऑल हे शरीरातील इस्ट्रोजेनांपैकी सौम्य समजले जाते. दुसऱ्यात संयुग्मित इस्ट्रोजेन असते. एका ग्रॅममध्ये ०.६२५ मिलिग्रॅम. डॉक्टर साधारणपणे अर्धा ग्रॅम क्रीम सुरुवातीला दोन ते तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. काही देशांत योनिमार्गात ठेवायच्या १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉलच्या गोळ्या आणि ९० दिवस आत राहणारी मऊ कडी ही रूपेही वापरली जातात.

या मात्रेचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब करून पाहा. १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे वर्षभर आठवड्यातून दोनदा वापरली, तर सुमारे ११४ गोळ्या लागतात. म्हणजे वर्षाला एकूण १.१४ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल. पोटात घ्यायच्या संप्रेरक उपचारांत १ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली जाते. एका वर्षाचे लावायचे औषध म्हणजे पोटात घ्यायच्या जेमतेम एका दिवसाच्या गोळीएवढे झाले.

तरीही रक्तात काहीच जात नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्वचा पातळ असल्याने थोडे अधिक औषध शोषले जाते. त्वचा जाड व निरोगी होऊ लागली, की शोषण कमी होते. ठरलेल्या अल्प मात्रेत रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी सहसा पाळी गेलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या पातळीच्या आसपासच राहते. मात्रा वाढवली, की हे गणित बिघडते. ‘लवकर गुण येईल’ म्हणून नळीभर क्रीम रोज लावणे हे या औषधाचे दुष्परिणाम ओढवून घेण्याचे सर्वांत सोपे कारण आहे.

येथे एक गल्लत टाळावी. दंडावर किंवा मांडीवर चोळायची इस्ट्रोजेन जेल आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या हीसुद्धा ‘लावायची’ औषधे आहेत. पण ती त्वचेतून रक्तात जाऊन सर्व शरीरावर काम करण्यासाठीच बनवलेली असतात. ज्या स्त्रीचे गर्भाशय शाबूत आहे, तिला त्यांच्यासोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. योनिमार्गातील अल्प मात्रेच्या क्रीमला हा नियम सहसा लागू नाही. दोन्हींची खोकी एकाच कपाटात असतील, तर त्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहून ठेवावीत.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम

बहुतेक दुष्परिणाम लावलेल्या जागीच होतात. पहिल्या आठवड्यात थोडी आग किंवा खाज होणे सामान्य आहे. त्वचा आधीच सोललेल्यासारखी असते. तिच्यावर साधे पाणी लागले, तरी झोंबते. हा त्रास बहुधा आठ-दहा दिवसांत शमतो. शमण्याऐवजी वाढला, लाली पसरली किंवा पुरळ उठले, तर क्रीमच्या आधारद्रव्यातील एखाद्या घटकाचे वावडे असू शकते. अशा वेळी औषध सोडून न देता डॉक्टरांना सांगावे; दुसरे उत्पादन मानवते.

दुसरी तक्रार स्रावाची. क्रीम शरीराच्या उष्णतेने वितळून थोडे बाहेर येते. सकाळी अंतर्वस्त्रावर पांढरट डाग दिसला, तर तो बहुतेकदा क्रीमचाच असतो. झोपण्यापूर्वी लावल्यास हे कमी होते. स्राव मात्र दह्यासारखा घट्ट, सोबत तीव्र खाज असेल, तर तो बुरशीचा संसर्ग समजावा. इस्ट्रोजेनमुळे पेशींत साखर परत येते आणि बुरशीला ती आवडते. मधुमेही स्त्रियांत हे अधिक आढळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांमुळेही हा संसर्ग वारंवार होतो. दोष क्रीमचा की गोळीचा, हे ठरवण्यासाठी सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. कोणतीही गोळी स्वतःहून थांबवू नये.

तिसरा प्रकार थोड्या शोषणामुळे होतो : स्तन हुळहुळे होणे, किंचित डोकेदुखी, मळमळ, ओटीपोटात जडपणा. हे सुरुवातीच्या आठवड्यांत दिसते आणि आठवड्यातून दोनदा लावण्याची पायरी आली, की बहुधा ओसरते. स्तनांचे दुखणे टिकून राहिले, तर मात्रा जास्त होत नाही ना हे आधी पाहावे. गाठ लागली, बोंडातून स्राव आला किंवा त्वचेवर खळी दिसली, तर क्रीमचा परिणाम म्हणून वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

कर्करोगाचा इशारा आला कोठून?

ही गोष्ट जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत असे आढळले, की पाळी गेल्यावर नुसते इस्ट्रोजेन पोटातून घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. कारण स्पष्ट होते. इस्ट्रोजेन अस्तराला वाढवत राहते आणि त्या वाढीला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन त्या उपचारात नव्हते. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला दोन्ही संप्रेरके मिळून देण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरा धक्का २००२ साली बसला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांचा एक गट होता. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना ०.६२५ मिलिग्रॅम संयुग्मित इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे एक औषध रोज पोटातून दिले जात होते. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रत्येकी ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले. अभ्यासाचा तो भाग मध्येच थांबवण्यात आला. त्यानंतर अमेरिकेत इस्ट्रोजेनच्या सर्वच उत्पादनांवर चौकटीतील ठळक इशारा छापला जाऊ लागला. सर्वच, म्हणजे योनिमार्गातील अल्प मात्रेच्या क्रीमवरही. या अभ्यासात ते क्रीम तपासलेलेच नव्हते, तरी इशारा तोच राहिला.

नंतरच्या काळात त्या क्रीमचाही मागोवा घेतला गेला. याच प्रकल्पातील ज्या स्त्रिया योनिमार्गातील इस्ट्रोजेन वापरत होत्या, त्यांची सुमारे सात वर्षांची माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातील १८ वर्षांची माहिती त्याच सुमारास पुढे आली. दोन्हींत हे औषध न वापरणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकार, गुठळ्या, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग नव्हेत. म्हणून डॉक्टर अजूनही शक्य तितकी अल्प मात्रा आणि नियमित तपासणी यांचा आग्रह धरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रजोनिवृत्तीवरील इस्ट्रोजेन उत्पादनांवरचा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा चौकटीतील इशारा काढण्याचे जाहीर केले. सर्व शरीरावर काम करणाऱ्या, नुसत्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरचा गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवला.

आपल्या हाती येणाऱ्या कागदावर जुनी यादी असू शकते. ती वाचून घाबरण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

रक्ताचा डाग : येथे हयगय नको

आता ज्याला खरोखर घाबरावे, त्याविषयी. पाळी जाऊन एक वर्ष उलटल्यावर अंगावर रक्त गेले, मग तो फिकट गुलाबी डाग का असेना आणि एकदाच का असेना, तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण दहांतील एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या नऊ जणींना कोरडेपणा, मांसल गाठ किंवा असेच साधे कारण असते. मात्र दहावी कोण, हे घरी बसून कळत नाही.

इस्ट्रोजेन क्रीम लावणाऱ्या स्त्रीच्या घरात एक सोयीस्कर समज रुजतो, ‘क्रीममुळे लागलं असेल.’ कधी तसे असतेही. पिचकारीचे टोक नाजूक त्वचेला लागून ओरखडा उठू शकतो. पण ते तपासणीनंतर ठरवायचे. स्त्रीरोगतज्ज्ञ सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. रक्तस्राव झालेल्या स्त्रीत ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी असते. जाडी अधिक असेल किंवा रक्तस्राव पुन्हा होत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासतात. हा रोग लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. सहा महिने संकोचात गेले, तर ती घटते.

ज्यांची सेवा दुसरे कोणी करते, अशा आजींच्या बाबतीत हा डाग प्रथम दिसतो तो कपडे किंवा डायपर बदलणाऱ्या व्यक्तीला. ‘मुळव्याधीचं असेल’ किंवा ‘लघवीतून आलं असेल’ असे म्हणून तो कपडा धुऊन टाकू नका. तारीख लिहा, शक्य असल्यास छायाचित्र काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कारण न कळलेला रक्तस्राव चालू असताना इस्ट्रोजेन सुरू करू नये आणि चालू असेल, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवावे.

आधी विचारणे आवश्यक कोणाला?

स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना ही क्षीणता अधिक छळते, कारण त्यांची औषधेच इस्ट्रोजेनला रोखणारी असतात. त्यांच्यासाठी पहिली निवड इस्ट्रोजेनविरहित उपायांची. ते पुरले नाहीत, तर निर्णय कर्करोगतज्ज्ञांसोबत घ्यायचा. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गटातील गोळ्या चालू असताना विशेष सावधगिरी हवी. २०२२ साली डेन्मार्कमधील आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात योनिमार्गातील इस्ट्रोजेनमुळे एकूण गटात रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. पण या गोळ्या घेणाऱ्या उपगटात ते वाढलेले दिसले. म्हणून मैत्रिणीला चालले ते मला चालेल, असे येथे मानू नये.

गर्भाशयाचा कर्करोग झालेला असणे, पायात किंवा फुप्फुसात सध्या गुठळी असणे, नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, यकृताचा गंभीर आजार असणे, या गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. त्या असल्या म्हणजे क्रीम कधीच चालणार नाही, असे नव्हे. पण विचार करूनच ते द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या विकारात बाहेरील त्वचा पांढुरकी, पातळ आणि सुरकुतलेली होते. त्यावर इस्ट्रोजेनचा उपयोग होत नाही. उपचार निराळे असतात आणि तो दुर्लक्षिला, तर थोड्या स्त्रियांत तेथे कर्करोग होऊ शकतो. म्हणून न तपासता केवळ तोंडी सांगण्यावरून क्रीम आणू नये. औषधाच्या दुकानातून मागून आणलेली स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे तर स्वतःच्या मनाने मुळीच लावू नयेत.

काळजी घेणाऱ्यांसाठी

सांधे आखडलेल्या, हात थरथरणाऱ्या किंवा विस्मरण झालेल्या स्त्रीला हे क्रीम स्वतः लावणे जमत नाही. मग ते मुलगी, सून किंवा सेविका लावते. लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी तिला सांगावे, तिची संमती घ्यावी. विस्मरण झाले म्हणून लाज सरत नाही. तिने नको म्हटले, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. जबरदस्ती करू नये.

वेळ रात्रीची, अंथरुणावर उताणे झोपून, गुडघे दुमडून. पिचकारीवर खुणेच्या रेषा असतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेपर्यंतच क्रीम भरावे. पिचकारीने दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून वाटाण्याएवढे क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन लावता येते. पिचकारी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी, उकळू नये. अंग बाहेर येत असल्याने आत कडी बसवलेली असेल, तर क्रीम कधी आणि कसे लावायचे ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावे.

लावणाऱ्या व्यक्तीने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. औषध दुसऱ्याच्या त्वचेतूनही शिरते. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हातावर फवारायच्या एका इस्ट्रोजेन औषधाबद्दल असा इशारा दिला होता : त्या स्त्रियांच्या त्वचेला स्पर्श झालेल्या लहान मुलांत स्तनांची अकाली वाढ दिसली होती. आपले क्रीम त्याहून सौम्य आणि लावण्याची जागाही वेगळी. तरी आजीला क्रीम लावून त्याच हातांनी नातवाला जवळ घेऊ नये, एवढी दक्षता पुरेशी आहे. क्रीम लावल्यानंतर लगेच शरीरसंबंध टाळावा, म्हणजे जोडीदाराला औषध लागत नाही आणि तेलकट आधारामुळे निरोधही फाटत नाही.

दिनदर्शिकेवर लावण्याचे दोन वार ठरवून ठेवावेत, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. एक वार चुकला, तर आठवताच लावावे. दुसरा वार येऊन ठेपला असेल, तर दुप्पट लावू नये. नळी दंतमंजनाच्या किंवा वेदनाशामक मलमाच्या नळीजवळ ठेवू नये. तिखट मलम चुकून नाजूक जागी लागल्याचे प्रकार होतात आणि त्याचा दोष पुढे कायम इस्ट्रोजेनवर येतो.

हे सगळे कशासाठी?

एवढी सावधगिरी वाचून वाटेल, त्यापेक्षा औषधच नको. म्हणून तराजूचे दुसरे पारडेही पाहू. १९९३ साली इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटाला इस्ट्रिऑल क्रीम आणि दुसऱ्याला औषध नसलेले तसेच दिसणारे क्रीम दिले. औषध नसलेल्या गटात प्रत्येक स्त्रीला वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला; इस्ट्रिऑलच्या गटात ०.५ वेळा. इस्ट्रिऑल घेणाऱ्यांत उपकारक जंतू परत आले आणि सामूही उतरला.

वयस्क शरीरात मूत्रसंसर्ग ही साधी गोष्ट नसते. त्यातून गोंधळ, पडणे, हाड मोडणे, रुग्णालयात भरती होणे अशी साखळी सुरू होऊ शकते. शिवाय दर वेळी घेतलेले प्रतिजैविक जंतूंना अधिक निगरगट्ट करते. यापुढे जळजळ झाली, तर जुन्या गोळ्या देण्याऐवजी आधी लघवीची कल्चर तपासणी करून घ्या.

गुण यायला वेळ लागतो. काहींना दोन-तीन आठवड्यांत बरे वाटते, पूर्ण परिणामासाठी बारा आठवडे लागू शकतात. बंद केल्यावर तक्रारी हळूहळू परततात, म्हणून बऱ्याच स्त्रियांना ते दीर्घकाळ लावावे लागते. ज्यांना इस्ट्रोजेन नकोच, त्यांच्यासाठी हायलुरॉनिक आम्ल किंवा पॉलिकार्बोफिल असलेली ओलावा टिकवणारी जेल आहेत. सुगंधी साबण आणि जंतुनाशक द्रावाने आतून धुणे सर्वांनीच सोडावे. त्याने कोरडेपणा वाढतो आणि उरलेसुरले उपकारक जंतूही जातात.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नळी, तो घडी घातलेला कागद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्या. पुढील गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा : पाळी केव्हा गेली, गर्भाशय काढले आहे का, घरात किंवा स्वतःला स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला आहे का, क्रीम आठवड्यातून किती वेळा आणि किती लावले जाते, पाळी गेल्यावर कधी रक्ताचा डाग दिसला का. आजींना डॉक्टरांपुढे तोंडाने सांगणे जड जात असेल, तर ती चिठ्ठी त्यांनी नुसती पुढे केली तरी चालेल.